म्हशाच्या जत्रेत शेक्सपिअरचा काळ

ठाणे जिल्ह्यात मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा हे गाव लागते. एरवी चार दुकाने, एस.टी.चा थांबा आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. गोरखगड-मच्छिंद्रगडावर जाणारी तरुण मंडळी इथे चहा घेतात आणि देहरीकडे वळतात. पण पौष पौर्णिमा आली की या गावाचे रूप पालटते. म्हसोबाची, म्हणजेच खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि एका गावाच्या जागी जणू दहा गावे येऊन बसतात.

गेल्या खेपेला माझ्याबरोबर पुतण्या होता. स्वारी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करते आहे. वाटभर मांडीवर पुस्तक उघडे. मुरबाडला गाडी बदलताना एकदाचा तो वैतागून म्हणाला, “काका, हा रेनेसान्स म्हणजे नुसती सनावळी आहे हो! १४७६ कॅक्स्टनचा छापखाना, १५५८ एलिझाबेथ गादीवर, १६११ बायबल. पाठ होतं आणि विसरतं.”

“पुस्तक पिशवीत टाक,” मी म्हटले. “आज तुला तो काळ डोळ्यांनी दाखवतो.”

आधी आम्ही बैलबाजारात गेलो. ट्रॅक्टर आल्यापासून शेतकऱ्याचे बैलावाचून अडेनासे झाले असले, तरी पारखी नजर काही गेलेली नाही. एकजण खोंडाचा जबडा उघडून दात पाहत होता, दुसरा वशिंडावरून हात फिरवीत होता. पलीकडे एक हेडी रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटे दाबून भाव सांगत होता. तोंडाने अक्षर नाही, पण व्यवहार चोख!

“लंडनात स्मिथफील्ड नावाचे असेच गुरांच्या बाजाराचे मैदान होते,” मी सांगू लागलो. “११३३ पासून १८५५ पर्यंत तिथे दर ऑगस्टात संत बार्थोलोम्यूच्या नावाने मोठी जत्रा भरे. मेरी राणीच्या अमदानीत त्याच मैदानावर धर्ममतासाठी माणसे जिवंत जाळली. तुझ्या सनावळीमागे हे सगळे आहे.”

तेवढ्यात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा दोन बैलांचे कासरे धरून आमच्या अंगावरूनच गेला. त्याला पाहून मला विल्यम टिंडल आठवला. नांगर धरणाऱ्या पोरालाही शास्त्री-पंडितांपेक्षा अधिक धर्मग्रंथ कळेल असे करीन, अशी प्रतिज्ञा या पाद्र्याने केल्याचे सांगतात. तेव्हा देवाची भाषा लॅटिन आणि इंग्रजी ती चुलीपाशी बोलायची! मायदेशी थारा मिळेना, म्हणून टिंडलने जर्मनीत १५२६ साली इंग्रजी ‘नवा करार’ छापला.

“आणि इंग्लंडात आणला कसा?” पुतण्याने विचारले.

मी घोंगड्यांच्या दुकानाकडे बोट दाखवले. “असाच. कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून.”

१५३६ साली टिंडलला फास देऊन जाळले. पण तीनच वर्षांनी राजाच्या हुकुमाने देवळादेवळांत इंग्रजी बायबल ठेवले गेले, आणि १६११ च्या सुप्रसिद्ध बायबलात टिंडलचेच शब्द मोठ्या संख्येने उतरले.

उन्हे कलली तशी आम्ही तमाशाच्या कनातीपाशी आलो. ढोलकीवर थाप पडत होती आणि शेजारी मौत का कुआँ घरघरत होता. पुतण्या जरा संकोचला. शहरात वाढलेल्या मुलांना ही कनात म्हणजे तोंड फिरवून पुढे जाण्याची जागा वाटते.

“अरे, १५७२ च्या कायद्याने कोणा उमरावाचा आश्रय नसलेला नट म्हणजे उनाड भटक्याच ठरत असे,” मी म्हटले. “१५७६ साली बर्बेजने नाटकगृह बांधले तेही शहराच्या हद्दीबाहेर. एक पेनी देऊन मोकळ्या अंगणात उभे राहायचे नि नाटक पाहायचे. १६१४ साली बेन जॉन्सनचे ‘बार्थोलोम्यू फेअर’ हे जत्रेवरचे नाटक ज्या होप नाटकगृहात झाले, तिथे एरवी अस्वलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ होई! ज्याला आपण आज टाय लावून वाचतो, तो शेक्सपिअर अशाच गर्दीसाठी लिहीत होता.”

पुतण्या काही बोलला नाही, पण कनातीकडे पाहण्याची त्याची नजर बदललेली दिसली.

परतताना पोथ्या-पंचांगांचे एक दुकान लागले. पुतण्याने एकनाथी भागवत उचलून चाळले आणि मनातले विचारले, “काका, मग त्या काळात आपल्याकडे असं काही का झालं नाही?”

झाले ना! टिंडलने जे केले तेच नाथांनी केले. शास्त्र लोकांच्या भाषेत आणले. वासुदेव, जोशी, गोंधळी ही जत्रेतली माणसे त्यांनी भारुडांत उभी केली. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा शेक्सपिअर वीस वर्षांचा होता.

आणि त्या इंग्लंडातला एक माणूस तर प्रत्यक्ष आपल्याकडे आला. थॉमस स्टीफन्स हा एलिझाबेथच्या राज्यातला कॅथलिक. मायदेशी त्या पंथाला जाच होऊ लागला होता. रोममध्ये तो जेझुइट झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. साष्टीत त्याने आयुष्य काढले. बाटलेल्या लोकांच्या हातातून जुन्या पोथ्या गेल्या होत्या, पण पुराण ऐकायची तहान गेली नव्हती. त्यांच्यासाठी या इंग्रजाने मराठी ओवीत दहा हजारांवर ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि मराठीला फुलांतल्या मोगऱ्याचा मान दिला. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

१६१६ हे साल पुतण्याला पाठ होते. शेक्सपिअर वारला ते. बेन जॉन्सनने आपले समग्र साहित्य दिमाखाने छापले तेही त्याच साली. जॉन्सनच्या त्या ग्रंथाच्या प्रती आज ग्रंथालयांतून आहेत. ‘क्रिस्तपुराणा’च्या त्या काळच्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारने गोव्यात लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तरी पुराण वाचले, ते घरोघरच्या हस्तलिखितांत. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले.

म्हणजे बुद्धी आपल्याकडेही होती, लोकभाषेची माया होती, ओवी तर होतीच. नाथांच्या ग्रंथांना छापखाना मिळायला मात्र एकोणिसावे शतक उजाडले. मधली दोन-अडीच शतके ते सांभाळले कोणी? रात्री समईपुढे बसून बोरूने नक्कल करणाऱ्या निनावी माणसांनी.

“म्हणजे आपला रेनेसान्स माणसांनी हातानं उतरून घेतला,” पुतण्या म्हणाला.

मी त्याला शाबासकी दिली. परीक्षक या वाक्याला गुण देतील की नाही कोण जाणे! पण एक विचार मला सोडत नाही. १५८२ साली लंडनचा एक हेडमास्तर, रिचर्ड मल्कास्टर, आपल्या देशबांधवांना कळवळून पटवत होता की इंग्रजीतही सारी विद्या मांडता येईल. आज ते वाचून हसू येते, कारण इंग्रजीबद्दल कोणाला तशी शंका उरलेली नाही. ती शंका आता आपण मराठीबद्दल घेतो, आणि तीही बहुधा इंग्रजीत बोलून दाखवतो! मल्कास्टरचे म्हणणे इंग्रजांनी ऐकले. आपल्याला तर बोरूही झिजवायचा नाही. घरात पोथी असेल, पुस्तक असेल, तर ते उघडायचे आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचे, एवढेच काम उरले आहे.