तव्याभोवती

जपानमध्ये आचाऱ्याच्या हाताला फार मान. सुशीच्या फळीपलीकडे तो हात चालू असतो तेव्हा पाहुण्यानं नुसतं पाहायचं आणि पुढ्यात येईल ते तृप्तीनं खायचं. त्याच देशात काही दुकानं अशी आहेत, जिथे आचारी मागे सरतो आणि उलथणं तुमच्या हाती देतो. ओकोनोमियाकी या कोबी-पिठाच्या जाडसर धिरड्याची ही दुकानं मला तिथल्या देखण्या भोजनगृहांपेक्षा जवळची वाटतात.

तोक्योच्या आसाकुसा भागात ‘सोमेतारो’ नावाचं असं एक दुकान १९३७ पासून चालू आहे. जुनं लाकडी घर. दारात पादत्राणं काढायची, तातामीच्या चटईवर बैठक मारायची. बैठ्या टेबलाच्या मधोमध लोखंडी तवा, त्याखाली आच.

अशा दुकानात प्रत्येकापुढे एक वाडगं येतं. त्यात बारीक चिरलेला कोबी, माशाच्या सत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं गव्हाचं पीठ, कच्चं अंडं, तळणीतला कुरकुरीत चुरा, लालभडक आल्याचं लोणचं आणि डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या. चकत्या बाजूला काढून बाकीचं तळापासून वर उचलत कालवायचं, म्हणजे पिठात हवा शिरते. तव्याला तेलाचा हात फिरवून बोटभर जाडीचा गोल घालायचा, वर चकत्या पसरायच्या, आणि मग थांबायचं. आपल्या हाताला थालीपीठ थापायची, उलथण्यानं दाबून खरपूस करायची सवय. इथे दाबायला मनाई. दाबलं की आतली हवा निघून जाते आणि कोबीच्या वाफेवर फुलू लागलेलं सगळं घट्ट होऊन बसतं.

ही थांबण्याची मिनिटं मला सगळ्यांत मोलाची वाटतात. कडा हळूहळू कोरड्या होतात, कोबीचा गोडसर वास सुटतो, आणि तव्याभोवतीची माणसं एकमेकांशी बोलू लागतात. मग दोन्ही हातांत उलथणी घेऊन, श्वास रोखून, एका झटक्यात उलटायचं. दुसरी बाजू झाली की दाट, आंबटगोड सॉस फासायचा. त्याचा ओघळ तव्यावर उतरला की चर्र होतं आणि करपलेल्या साखरेचा वास नाकात भरतो. वर समुद्री शेवाळाची हिरवी पूड आणि बोनितो माशाच्या वाळवलेल्या, कागदासारख्या पातळ कापट्या. वाफ लागताच त्या अंग वळवत हलू लागतात. उलथण्यानंच तुकडे पाडायचे आणि थेट तव्यावरून खायचे.

हिरोशिमात रीत वेगळी. तिथे पिठाचा पातळ पापुद्रा, त्यावर कोबीचा डोंगर, मग नूडल्स, मग अंडं असे थर चढतात. ते काम कसबी हाताचं, म्हणून आचारीच करतो. पण तोही तुमच्यासमोर, लांबलचक तव्यापलीकडे उभा राहून. अणुबाँबनं बेचिराख झालेल्या त्या शहरात युद्धानंतरच्या टंचाईत पीठ आणि कोबी एवढ्यावर पोट भरणारा हा पदार्थ रस्त्याकडेच्या गाड्यांवर वाढला. हलाखीत रुजलेल्या या खाण्याला बंद दाराआडचं स्वयंपाकघर कधी लागलंच नाही.

मला या खाण्याचं महत्त्व इथेच दिसतं. आपल्याकडे गरम पोळी, गरम घावन ही प्रेमाची खूण आहे. पण ते गरम वाढणारी आई, आजी, वहिनी ओट्याशी उभीच राहते आणि सगळ्यांची पानं उठल्यावर गार झालेलं जेवते. आपण तिच्या हाताची चव वाखाणतो, तिच्या पानातला घास मात्र पाहत नाही. आपल्या हातानं करायच्या ओकोनोमियाकीच्या तव्याभोवती रांधणारा आणि जेवणारा असे दोन पक्ष उरत नाहीत. कालवणारे, उलटणारे, वाढणारे सगळे बसलेले असतात आणि सगळ्यांच्या तोंडचा घास सारखाच गरम असतो.

जपानला जाल तेव्हा अशा एखाद्या दुकानात जरूर बसा. दुकानदारानं आपण होऊन करून देण्याची तयारी दाखवली, तर हसून नको म्हणा आणि उलथणं स्वतः घ्या. घरी आल्यावर एखाद्या रविवारी शेगडी आणि तवा जेवायच्या टेबलावर आणा. घावन घाला, थालीपीठ लावा, काहीही करा. पण घरात रोज शेवटी जेवणाऱ्या माणसाला त्या दिवशी बसवा आणि पहिला गरम घास त्याच्या पानात वाढा.