भिलाटीची आशा आणि एक मुलगा

भिल्ल वस्तीतला एखादा मुलगा अभ्यासात चमकू लागला की त्याच्याविषयीच्या अपेक्षा आईबापांपुरत्या राहत नाहीत. खानदेशात गावाच्या कडेला, नाल्याच्या नाहीतर गायरानाच्या अंगाला असलेल्या भिलाटीत शाळा अर्ध्यावर सुटलेली मुले आजही पुष्कळ आहेत. त्यांतून एक पुढे निघाला की सारी वस्ती त्याच्यात उद्याचा पुढारी पाहू लागते. बोदवड तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षक असलेल्या प्रस्तुत लेखकाने असा एक मुलगा पाचवीपासून अकरावीपर्यंत वाढताना जवळून पाहिला. त्याचे आणि त्याच्या गावाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही.

वस्तीची आशा शाळेवर, आणि तीही एकाच मुलावर, एकवटण्यामागे कारण आहे. 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबार जिल्ह्यात सुमारे 69 टक्के, धुळ्यात 31 टक्क्यांहून अधिक, तर जळगाव जिल्ह्यात सुमारे 14 टक्के आहे. त्यातही जळगावचे अनुसूचित क्षेत्र सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल आणि रावेर या बाजूला आहे. 1999 साली वेगळा झालेला बोदवड तालुका त्यात येत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांपुरत्या लागू असलेल्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळालेले अधिकार इथल्या भिलाटीच्या वाट्याला नाहीत. तालुका ज्या मुक्ताईनगर विधानसभा मतदारसंघात मोडतो, तोही सर्वसाधारण आहे. ग्रामपंचायतीत राखीव जागेवर वस्तीतला एखादा सदस्य निवडून येतो, पण ठरावावर सही कुठे करायची हे त्याला बहुतेकदा दुसराच कोणी सांगतो. विखुरलेल्या, भूमिहीन वस्तीला आपला म्हणावा असा शिकलेला माणूस शाळेतूनच मिळू शकतो.

या मुलाचे वडील एका कापूस उत्पादकाकडे सालदार होते. खानदेशात सालदारकीचे वर्ष आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) आखाजीपर्यंत मोजतात. वर्षभर एकाच गावात राहावे लागल्याने घरातली मुले शाळेत टिकली. शेजारच्या घरांचे तसे नव्हते. मुकादमाकडून उचल घेऊन ती कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, मुलेही बरोबर जात, आणि परत येईपर्यंत शाळेचे वर्ष संपत आलेले असे. त्या वस्तीत बुद्धीला तोटा नव्हता, तोटा होता तो सलग शाळेचा. हे लक्षात घेतले नाही तर एकाच मुलाच्या हुशारीचे कौतुक फसवे ठरते.

पाचवीत त्याने नवोदय विद्यालयाची परीक्षा दिली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशभर पोहोचवलेल्या या निवासी शाळांत सहावीपासून प्रवेश मिळतो. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि राहणे, जेवण, पुस्तके मोफत असतात. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. आणि परीक्षेची संधी एकदाच. ती हुकली की पुन्हा बसता येत नाही. मुलाची निवड भुसावळजवळच्या नवोदय विद्यालयात झाली. त्या वर्षी 9 ऑगस्टला, आदिवासी दिनी, वस्तीने एकलव्याच्या प्रतिमेपुढे त्याला फेटा बांधला. वस्तीतले एक म्हातारे बाबा लेखकाला म्हणाले, “गुरुजी, हा पोऱ्या आता एका घरचा नही, साऱ्या भिलाटीचा हाये.” मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता.

पुढारीपणाचे काम त्याच्याकडे फार लवकर आले, आणि ते कागदांच्या वाटेने आले. सुटीत घरी आला की ओट्यावर माणसे बसलेली असत. कोणाच्या हातात वीजबिल, कोणाकडे घरकुलाच्या यादीची झेरॉक्स, कोणा म्हातारीचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. एका दिवाळीच्या सुटीत एका ऊसतोड्याने मुकादमाची वही त्याच्यापुढे ठेवली. मुलाने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. एकच उचल दोन तारखांना मांडलेली होती. त्याने शांतपणे दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल केला. वडीलधारी माणसे वही घेऊन मुकादमाकडे गेली आणि एक रक्कम वजा झाली. वस्तीत त्याचा शब्द तेव्हापासून मोठा झाला. पण त्याच सुटीत त्याची बीजगणिताची वही कोरी राहिली, हेही नोंदवले पाहिजे.

तेराव्या वर्षी तो मोठ्या माणसांबरोबर बोदवडच्या तहसील कार्यालयात जाऊ लागला. जातीचे दाखले हे तिथले सर्वांत जिकिरीचे काम. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 1950 च्या आधीचा पुरावा विचारला जातो. ज्यांचे आजे-पणजे कामासाठी गावोगाव फिरले, ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती आणि शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात ज्यांचे नाव कधी चढले नाही, त्यांनी हा पुरावा आणायचा कुठून? जळगाव जिल्ह्यासाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यावलला आहे. बोदवडहून तिथे जाऊन यायचे म्हणजे मजुरी बुडवून पूर्ण दिवस मोडतो. कुठल्या टेबलावर कोणता कागद लागतो हे तेरा वर्षांच्या मुलाला तोंडपाठ असणे कौतुकाचे वाटते. तरी ते काम त्याचे नव्हे, व्यवस्थेचे आहे.

वस्तीची आशा एकट्यावर असल्याची उदाहरणे खानदेशाला नवी नाहीत. साक्री तालुक्यातील सामोडे येथील राजेंद्र भारूड यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले. मोहाची दारू विकून आईने घर चालवले. अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयातून ते मुंबईला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले, पुढे भारतीय प्रशासकीय सेवेत आले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचे आत्मकथन आहे आणि त्यांचे नाव खानदेशच्या आदिवासी पाड्यांत सांगितले जाते. बोदवडच्या या मुलालाही सगळे “कलेक्टर हो” म्हणत, ते याच उदाहरणावरून. याआधीच्या पिढीत शहादा भागात अंबरसिंग सुरतवंती यांनी दुसरी वाट घेतली होती. गमावलेल्या जमिनींसाठी भिल्लांना संघटित करणाऱ्या अंबरसिंगांच्या काळातच, 30 जानेवारी 1972 रोजी, शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. 1974 साली त्यांचे अकाली निधन झाले. चळवळीचा आणि जमातीचा केवढा भार एका माणसावर होता, हे त्यांच्या जाण्यानंतर जाणवले.

न्यूझीलंडच्या माओरी समाजात एकावर पडणाऱ्या भाराचा हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. न्गाती पोरौ जमातीच्या वडीलधाऱ्यांनी आपिराना न्गाता या हुशार मुलाला लहानपणीच ते आउते या निवासी शाळेत पाठवले, तेही जमातीसाठी शिकून यावे म्हणून. 1893 साली पदवी घेऊन न्यूझीलंडच्या विद्यापीठातून पदवीधर होणारा तो पहिला माओरी ठरला. पुढे त्याने कायद्याचे शिक्षण घेतले आणि 1905 ते 1943 संसदेत माओरींचे प्रतिनिधित्व केले. मात्र तो एकटा नव्हता. त्याच शाळेतून मौई पोमारे आणि पीटर बक हे डॉक्टर झालेले तरुणही निघाले आणि त्यांनी मिळून काम केले. शिवाय माओरींसाठी संसदेत 1867 पासून राखीव जागा होत्या. बोदवडच्या मुलाला यांतले सोबतीही नव्हते आणि जागाही नव्हती. म्हणून त्याच्यावरचा भार जास्त होता.

नववीत नवोदयच्या काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात. या मुलाची निवड झाली तेव्हा वस्ती घाबरली. पोऱ्या परत आला नाही तर काय, असा प्रश्न दोन-तीन घरांतून आला. आई मात्र ठाम राहिली. तो गेला, हिंदी पक्की करून परत आला. त्या वर्षात वस्तीचे कागद वाचायला कोणीच नव्हते आणि त्या अडचणीतूनच वाट निघाली. मुलाची धाकटी बहीण सातवीत होती. तिने समाजमंदिरात संध्याकाळी बसून बिले आणि अर्ज वाचायला सुरुवात केली. पुढे आणखी तीन मुले तिच्याबरोबर बसू लागली. प्रस्तुत लेखक तिथे फक्त तपासण्यापुरता असे. भाऊ घरी येईपर्यंत थांबायची वस्तीची सवय हळूहळू मोडली. बहिणीची नवोदयची संधी मात्र आधीच गेलेली होती. ती पाचवीत असताना लहान भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहिली आणि तिचा अर्ज भरलाच गेला नाही. या साऱ्या हकिकतीत मनाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट हीच आहे. त्या मुलीचे वाचन भावापेक्षा तसूभर कमी नव्हते.

मुलगा आता अकरावीत, विज्ञान शाखेत आहे. त्याला गणिताचा शिक्षक व्हायचे आहे. वस्तीतल्या काहींना हे अजून पचलेले नाही, कारण त्यांच्या मनात लाल दिव्याची गाडी आहे. लेखकाच्या मते त्याची निवड योग्य आहे. भिलाटीतली दहा मुले दहावीपर्यंत आणणारा शिक्षक त्या वस्तीला जेवढे पुढारी देईल तेवढे एक अधिकारी देऊ शकणार नाही. जातवैधता प्रमाणपत्राची त्याची फाईल तयार आहे. पणजोबांच्या नोंदीचा जुना उतारा त्यात लावला आहे, आणि तो शोधण्यासाठी वस्तीतल्या चार घरांनी आपापल्या पेट्या उघडून दिल्या होत्या.

नवोदयचा अर्ज दरवर्षी पाचवीच्या मुलांसाठी निघतो आणि तो ऑनलाइन, विनाशुल्क भरता येतो. खानदेशातल्या पाचवीच्या प्रत्येक वर्गशिक्षकाने टोळ्या ऊसतोडीला निघण्याआधी भिलाटीत जाऊन तो भरून घ्यावा, आणि मुलींचे अर्ज आधी भरावेत.