आणि साथी

सिविल लाइंस, जयपूर. रात्री दहा.

आज दुपारभर वाद्यवृंदप्रमुख रे कॉनिफ ऐकला. बाहेर फाटकापाशी गाड्यांचे भोंगे, खोलीत त्याची १९५६ची रेकॉर्ड ‘’स वंडरफुल!’. त्याची युक्ती साधी: बायकांचे आवाज ट्रम्पेटला जोडायचे, पुरुषांचे ट्रॉम्बोनला, आणि शब्द द्यायचेच नाहीत. नुसतं डा-डा, बा-बा. वाद्य कुठं संपलं नि गळा कुठं सुरू झाला, कळत नाही. साठच्या दशकातल्या कितीतरी वाद्यवृंदांनी हीच वाट धरली. नाव मात्र वाद्यवृंदप्रमुखाचं.

मग ‘अजीब दास्ताँ है ये’ लावलं. ‘दिल अपना और प्रीत पराई’, १९६०, शंकर-जयकिशन. त्यांच्या वाद्यमेळाची मांडणी गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा करायचे. लताबाईंमागचा कोरस काढला तर गाण्याची अर्धी उदासी जाईल, असं माझं ठाम मत. (घरात कुणाला पटत नाही.) सेबॅस्टियन आणि दत्ताराम निदान साहाय्यक म्हणून श्रेयनामावलीत यायचे, कोरसवाले रेडिओवर ‘और साथी’ एवढ्यातच आटोपायचे.

खरं तर किती कठीण काम! आपल्या आवाजाची खूण पुसून शेजारच्याच्या आवाजात विरायचं, तेही सुरात, तालात, एकाच मायक्रोफोनभोवती कोंडाळं करून. जो उठून ऐकू येईल तो तिथं बाद. पण गाताना विरणं ही कला. कागदावरून विरणं ही रेकॉर्ड कंपनीची सोय. दोन्ही एकच असल्यासारखं आपण इतकी वर्षं वागलो.

उद्या बर्ट केम्फर्टचा वाद्यवृंद.