दुपारी चारचा स्लॉट

एक सांगा. डीजे म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अंधार, धूर, लेझर आणि एका कानाला हेडफोन लावून मान डोलावणारा माणूस. बरोबर? आता तोच माणूस भर दुपारी चार वाजता आंब्याच्या झाडाखाली उभा करा. डोक्याला टोपी, मानेवर ओला नॅपकिन, समोर जेमतेम अकरा माणसं आणि एक कुत्रा. जानेवारीतल्या एका रविवारी तो माणूस मी होते!

स्थळ, उत्तर गोव्यातलं आसगाव. पार्टीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहेच, आणि तिथे पार्किंगची आधीच बोंब आहे. एका जुन्या घराचं अंगण, लाल मातीची जमीन, मंगलोरी कौलं. सीझनमध्ये रविवारी दुपारी चारला सुरू, रात्री दहाला बंद. लोक पोराबाळांना घेऊन येतात. मुंबई-पुण्याची मंडळी लॅपटॉपची बॅग घेऊनच येतात, कारण रात्रीच्या बसने निघून सोमवारी थेट ऑफिस गाठायचं असतं. मी चार वर्षं त्या अंगणात नाचतेय. यंदा पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडे उभं राहायला बोलावलं. स्लॉट चार ते सहा. म्हणजे वॉर्म-अप. म्हणजे रिकामी जमीन.

घरी मी सांगितलं होतं, ‘गोव्यातल्या जुन्या घरांवर स्टोरी करतेय.’ अगदीच खोटं नव्हतं. घर जुनंच होतं!

खरं कारण असं, की दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, तेव्हा आईने एकच अट घातली होती. लेख लिही, भटक, काय वाटेल ते कर. पण ते रात्रीचे धंदे बंद. माझा डीजे कन्सोल तेव्हापासून मैत्रिणीच्या कपाटात आहे. आईचा संगीतावर राग नाही. राग आहे तो ‘रात्र’ या शब्दावर.

कोकणकन्येने सकाळी थिवीला उतरले आणि पायलटच्या मागे बसून म्हापशाला मावशीकडे गेले. (पायलट म्हणजे विमानवाला नव्हे. गोव्यात मोटरसायकल टॅक्सी चालवतो तो पायलट.) मावशी शाळेतून रिटायर झालेली. तरुणपणी सहा वर्षं गाणं शिकलेली. दुपारी हुमण आणि तळलेले बांगडे वाढता वाढता तिने विचारलं, ‘‘तुझं ते चारला ना? येतें मी.’’ माझा घास घशातच अडकला. ‘‘तू? पार्टीला?’’ ‘‘मगे? रात्रीचं असतं तर नसतें आलें गो. जेवणाच्या वेळेपर्यंत घरी पोचणार, मग काय बिघडलं?’’

सॉलिड पॉइंट होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता थोडी हिस्टरी, कारण ‘गोवा आणि रात्र’ हे समीकरण आपल्या डोक्यात फिट बसलंय. ते बसवलं हणजुणेच्या किनाऱ्याने. सत्तरच्या दशकात तिथे हिप्पी आले, त्यांच्यातच सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल. पौर्णिमेच्या पार्ट्या रात्रभर चालायच्या आणि खरा कळस व्हायचा तो सूर्य उगवताना. गंमत म्हणजे तिथे रेकॉर्ड्स फारशा चालल्याच नाहीत. उन्हाने विनाइल वाकायचं, धूळ खायचं. म्हणून हे लोक कॅसेटवर आणि पुढे डॅट टेपवर वाजवायचे. म्हणजे गोव्याचा डीजे पहिल्यापासून उन्हाशीच भांडत आला आहे. गिल २०२३ मध्ये गेला.

मग रात्र मिटली कशी? कायद्याने. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रात्री दहा ते सकाळी सहाची लाऊडस्पीकरबंदी उचलून धरली. नियम सगळीकडे सारखा पाळला जातो असं म्हणणं धाडसाचं ठरेल. आवाजाबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी असतात आणि त्या खोट्या नसतात. पण ज्यांना सरळ मार्गाने पार्टी करायची होती, त्यांनी घड्याळच मागे सरकवलं. दहाला बंद करायचं तर चारला सुरू करा. साधा हिशेब.

दिवसाच्या पार्टीचा याहून भारी किस्सा ब्रिटनचा आहे. ऐंशीच्या दशकात तिथल्या देशी पोरापोरींना रात्री बाहेर जायला घरून परवानगी नसायची. म्हणून भांगड्याचे शो भर दुपारी व्हायचे. नाव ‘डेटायमर’. शाळा बुडवायची, टॉयलेटमध्ये युनिफॉर्म बदलायचा, ब्रॅडफर्डच्या नाहीतर लंडनच्या हॉलमध्ये घाम निघेस्तोवर नाचायचं आणि शाळा सुटायच्या वेळेला शहाण्यासारखं घरी. २०२० मध्ये तिथल्या तरुण दक्षिण आशियाई कलाकारांनी आपल्या ग्रुपला हेच नाव घेतलं. मला ही गोष्ट फार आवडते. त्यांना दिवसाने लपवलं. माझ्या बाबतीत मात्र उलटं झालं होतं. क्लबच्या अंधारात मी कोणाला दिसत नव्हते आणि इथे मावशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, लिंबू सोडा घेऊन, थेट समोर!

पहिली दहा मिनिटं विचारू नका. प्लेअरच्या स्क्रीनवर ऊन पडलं की त्यात फक्त आपलाच चेहरा दिसतो. काळा मिक्सर तव्यासारखा तापलेला. दुसरं गाणं आत घ्यायला गेले आणि चुकीच्या बाजूचं बटण दाबलं. शांतता. तीन-चार सेकंदच, पण क्लबमधल्या अंधारात तेवढ्यात लोक ओरडून वेळ मारून नेतात. इथे अकराच्या अकरा जणांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एका चिमुरड्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, संपलं.

कोणीतरी पुठ्ठ्याचा खोका कापून स्क्रीनवर छत्रीसारखा लावून दिला. जिंकलो!

वॉर्म-अपचा फंडा बाहेरच्यांना कळत नाही. तुम्हाला नाचवायचं नसतं. लोकांना खुर्चीतून उठावंसं वाटेल एवढंच करायचं. वेग कमी, आवाजाचा काटा लाल पट्टीत जाऊ द्यायचा नाही, हिट गाणी पुढच्या डीजेसाठी राखून ठेवायची. लग्नातल्या वाढप्यासारखं आहे हे. मीठ-लिंबू वाढणाऱ्याने जिलबीला हात लावायचा नाही. रात्री क्लबात मी हे नेहमी चुकवायचे. समोर काळोख असला की घाबरून दर पाच मिनिटांनी फटाका लावावासा वाटतो. उजेडात मात्र पाय दिसतात. कोणाची चप्पल ठेका धरतेय, कोण फोन बघतंय, कुठल्या टेबलावर गप्पा थांबल्या, सगळं दिसतं. पाचच्या सुमाराला एक बाई पोराला कडेवर घेऊन उठली आणि आणखी तिघी तिच्यामागे. मी काही बदललं नाही. तेच चालू ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढा धीर धरला असेन.

सव्वापाचला मी चरणजित सिंग लावला. हे नाव माहीत नसेल तर ऐकाच. मुंबईच्या हिंदी सिनेमातला सेशन म्युझिशियन. १९८२ मध्ये त्याने दहा राग सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बसवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे डीजे थक्क झाले, कारण अमेरिकेत पुढे ‘अॅसिड हाऊस’ म्हणून जे गाजलं, तसाच आवाज यात आधीच होता. तो २०१५ मध्ये गेला. मी पिच फेडर वर ढकलून, वेग उतरवून त्यातला एक तुकडा आत सोडला. तो चुईंग चुईंग करणारा बेस अंगणात घरंगळला. दोन-चार जणांनी ‘ओऽऽ’ केलं.

मी मावशीकडे बघायचं टाळत होते. बघितलं तेव्हा ती खुर्चीत नव्हती. टेबलापाशी आली होती. हेडफोन बाजूला केला.

‘‘मधुवंती ना गो ही?’’

‘‘हो.’’

‘‘वेळ बरोबर धरलीस. पण तो तबला कसला? ठोकळा आहे नुसता.’’

एवढं बोलून ती परत गेली. थोड्या वेळाने बघते तर खुर्चीच्या हातावर तिची बोटं चालली होती. ठोकळ्यावर नव्हे, तिच्या स्वतःच्याच कुठल्यातरी ठेक्यावर.

सहाला मी टेबल पुढच्या डीजेकडे सोपवलं तेव्हा समोर साठ-सत्तर माणसं होती. ती माझ्यामुळे आली असा दावा नाही. ऊन उतरलं की ती येतातच. सव्वासहाला सूर्य गेला, माडांच्या झावळ्या काळ्या झाल्या, दिव्यांच्या माळा लागल्या आणि मग जे सुरू झालं ते तुफान होतं. मावशी आठला म्हापशाला गेली. मी थांबले. दहाला आवाज थांबला, तोही गाण्याच्या मधोमध. कोणी कटकट केली नाही. त्यानंतर अंगणात रातकिडे एवढ्या जोरात ऐकू आले, की शेजारचा मुलगा म्हणाला, हा नवीन डीजे कोण?

मावशीच्या घरी शिरले तर ती जागी होती. ‘‘फॅमिली ग्रुप बघितलास?’’

नव्हता बघितला. पाच वाजून वीस मिनिटांनी मावशीने व्हिडिओ टाकला होता. चाळीस सेकंदांचा. टोपी, नॅपकिन, पुठ्ठ्याचा खोका, मी. खाली तिने लिहिलं होतं, ‘मधुवंती’. मामाने अंगठा टाकलेला. दोन चुलत बहिणींनी टाळ्या. आईने काहीच नाही.

सकाळी सातला फोन वाजला. मावशीचा, माझा नव्हे. मी चहाचा कप घेऊन दारात उभी. मावशी ऐकत होती, हं हं करत होती. मग म्हणाली, ‘‘मला काय विचारतेस? इथेच उभी आहे, तूच विचार,’’ आणि फोन माझ्या हातात दिला.