पेव आणि पेटी

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला म्हणजे तिचें पेव फुटलें असें आपण सहज म्हणतों. परंतु असें म्हणणारांपैकीं खरें पेव पाहिलेले लोक थोडेच असतील. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर म्हणून गांव आहे. तेथें हळद सांठविण्यासाठीं जमिनींत खोल पेवें खणण्याची चाल फार जुनी. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण, आणि माल भरला कीं तोंड मातीनें बंद. आंत हवा खेळत नसल्यामुळें हळदीस कीड लागत नसे. ती वर्षानुवर्षें टिके. पण २००५ सालच्या महापुरांत कृष्णेचें पाणी या पेवांत शिरलें आणि पुष्कळ हळद नासली. किडीपासून माल राखणारी ती जागा पुरापासून राखणारी नव्हती.

जपून ठेवण्याच्या या विद्येचा विचार आम्हांस अलीकडे करावा लागला, तो याच कृष्णेमुळें. आमचें मूळ घर सांगलीचें. आम्ही नोकरीच्या निमित्तानें साताऱ्यास आलों आणि येथलेच झालों. वडील बंधु मात्र सांगलींतच राहिले. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेथें धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. घरांतल्या माणसांस आणि देवांस वरच्या मजल्यावर नेण्यास वेळ मिळाला. आजोबांच्या पत्रांच्या दोन ट्रंका खालींच राहिल्या. पाणी ओसरल्यावर त्या उघडल्या, तेव्हां आंत नुसता लगदा होता.

ज्या वह्या आणि जीं पत्रें माळ्यावर असल्यामुळें वांचलीं, त्यांचीं छायाचित्रें घेऊन एक सूची करावी असें ठरलें. पुतण्यानें ती सांगलीस आपल्या संगणकावर उत्तम रचली. कोणत्या पत्रांत कोणाचें नांव आहे, कोणत्या सालीं हळदीचा काय भाव होता, सारें क्षणांत सांपडे. आम्हीं साताऱ्यास एक जुना संगणक घेऊन त्यावर लिनक्स घातलें होतें. हेतु हा कीं, सूची येथें अहोरात्र चालावी आणि दोन्ही घरांनीं ती वाचावी. पण येथें ती कांहीं केल्या चालेना. कधीं प्रोग्रॅमच्या भाषेची आवृत्ति जुळेना, तर कधीं डेटाबेसची. "काका, सांगलीला तर चालते!" हें उत्तर ऐकून आमचे कान किटले. शेवटीं आम्ही वैतागून म्हणालों, "मग सांगलीच इकडे पाठवून दे!" तो शांतपणें म्हणाला, "तेंच करूं या." अशा रीतीनें डॉकर आमच्या घरांत आलें.

इंग्रजींत गोदींतल्या हमालाला डॉकर म्हणतात, आणि हें नांव अन्वर्थक आहे. १९५६ सालीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालमोटारवाल्यानें एका मापाच्या ५८ पेट्या 'आयडियल एक्स' या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. तोंपर्यंत पोतें न् पोतें, पिंप न् पिंप निराळें उचलावें लागे. पेटी आल्यावर आंत काय आहे याची चौकशी करण्याचें यारीला कारणच उरलें नाहीं. संगणकाच्या जगांतहि हेंच घडलें. एखाद्या प्रोग्रॅमला ठराविक कप्प्यापुरतेंच जग दाखविण्याची सोय युनिक्समध्यें १९७९ सालीं आली होती. पुढें लिनक्सच्या गाभ्यांत तशा सोयी वाढत गेल्या, आणि २०१३ सालीं सॉलोमन हाइक्स यांनीं डॉकर लोकांपुढें मांडलें, तेव्हां ही विद्या सामान्यांच्या आटोक्यांत आली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारें सारें सामान एका पेटींत भरावयाचें व ती पेटी कोठेंहि उघडावयाची. या पेट्या म्हणजे एकाच वाड्यांतलीं बिऱ्हाडें होत. प्रत्येकाची चूल निराळी. पण आड मात्र सर्वांचा एक. तो आड म्हणजे लिनक्सचा गाभा.

स्थापनेचें काम आम्हीं वाटलें त्यापेक्षां लवकर उरकलें. पुतण्या फोनवरून सांगत होता आणि आम्ही आज्ञा टंकीत होतों. लिनक्सच्या स्वतःच्या भांडारांत डॉकर मिळतें, पण तें बहुधा जुनें. म्हणून कर्त्यांचें भांडार जोडावें, आणि त्याआधीं त्यांची सही पडताळणारी किल्ली आणून ठेवावी. मग एका आज्ञेनें सारें सामान उतरतें. पहिली परीक्षा 'हॅलो वर्ल्ड' या चिमुकल्या पेटीची. यंत्रानें तिचा सांचा घरांत शोधला, नाहीं असें पाहून महाजालावरून आणला, त्यापासून पेटी घडविली; पेटीनें आम्हांस नमस्कार केला आणि ती विझली. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दर वेळीं मालकाचा परवलीचा शब्द द्यावा लागूं नये म्हणून आपलें नांव डॉकरच्या गटांत घालतां येतें. परंतु त्या गटांतला मनुष्य साऱ्या यंत्राचा मालकच होतो. म्हणून त्यांत कोणास घ्यावें याचा विचार तिजोरीच्या किल्लीइतकाच करावा.

यानंतर सूचीच्या दोन पेट्या, एक प्रोग्रॅमची व एक डेटाबेसची, सांगलीस चालत होत्या तशाच साताऱ्यास चालूं लागल्या. तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, आतां दोन्ही पेट्या मोडून टाका." आमचा हात थबकला. दोन ट्रंकांचा लगदा ज्यानें पाहिला आहे, त्याला 'मोडून टाक' ही आज्ञा सोपी नसते. तो म्हणाला, "खुशाल मोडा. आजोबा त्यांत नाहींतच." आणि तें खरें होतें. पेटींत जें लिहावें तें पेटीबरोबर जातें. म्हणून नोंदी व छायाचित्रें 'व्हॉल्यूम' नांवाच्या वेगळ्या कोठारांत ठेवलीं होतीं. आम्हीं पेट्या मोडल्या, वीसेक ओळींच्या एका कागदावरून पुन्हां उभ्या केल्या, आणि सूचींतली शेवटची नोंद जागच्या जागीं होती.

डॉकरची हीच शिकवण आम्हांस मोलाची वाटते. प्रोग्रॅम, भाषा, डेटाबेस हीं पुन्हां मिळणारीं. आजोबांचें अक्षर पुन्हां न मिळणारें. त्यांची फारकत पहिल्याच दिवशीं करावी लागते. मात्र कोठार वेगळें केलें म्हणजे तें सुरक्षित झालें असें नव्हे. तेंहि त्याच यंत्रांतल्या त्याच डिस्कवर असतें. डिस्क गेली कीं तें गेलें. हरिपूरच्या पेवांची आठवण आम्हांस झाली ती येथें. म्हणून रोज रात्रीं कोठाराची एक प्रत साताऱ्याहून सांगलीस जाते आणि तेथें वरच्या मजल्यावर राहते. नुसत्या प्रतीवरहि आम्हीं विसंबलों नाहीं. एका रविवारीं येथला संगणक बंद ठेवून, तो कागद आणि ती प्रत एवढ्यावर सूची सांगलीस उभी करावयास सांगितलें. अर्ध्या तासांत बंधूंनीं फोनवरून आजोबांचें एक पत्र वाचून दाखविलें.

वाचकांच्या घरींहि अशी एखादी ट्रंक असेल. तिच्यासाठीं डॉकरच हवें असें नाहीं. घरांतलें काय पुन्हां मिळेल आणि काय मिळणार नाहीं, एवढें एका कागदावर लिहून काढावें, आणि जें मिळणार नाहीं त्याची एक प्रत दुसऱ्या गांवीं धाडावी. मृग लागण्यापूर्वीं हें काम उरकलेलें बरें.