पडावें कसें?

संसारांत पाय रोवून उभें कसें राहावें, हें शिकविणारे पुष्कळ भेटतात. परंतु पडावें कसें, हें शिकविणारा गुरु आम्हांस वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं भेटला, आणि तोही गुलमर्गच्या बर्फांत!

आमचें घर पुण्यांतील एकत्र कुटुंबाचें. वडील बंधु, वहिनी, मुलें, सुना आणि सर्वांच्या वर शहाऐंशी वर्षांच्या मातोश्री. अशा घरांतून पतिपत्नींनीं दोघांनींच प्रवासास निघावें, आणि तेंही यात्रेसाठीं नव्हे तर बर्फावर घसरण्यासाठीं, हा बेत उच्चारतांना आमची जीभ अडखळली. चौतीस वर्षांत आम्ही उभयतां चार दिवसही घराबाहेर दोघेंच अशीं राहिलों नव्हतों. मातोश्रींनीं जपमाळ बाजूस ठेवून एवढेंच विचारलें, "तिला विचारलंस का?" तिला कोणींच विचारलें नव्हतें, हें तेव्हां ध्यानांत आलें. विचारतांच सौभाग्यवतीनें लोंकरीचे मोजे विणावयास घेतले.

२०२४ च्या फेब्रुवारींत आम्ही श्रीनगरास उतरलों. तेथून गुलमर्ग सुमारें पन्नास किलोमीटर. टंगमर्गपासून पुढें चढण लागते, आणि बर्फांत गाडीच्या चाकांना लोखंडी सांखळ्या बांधाव्या लागतात. पूर्वीं या स्थळास गौरीमार्ग म्हणत. सोळाव्या शतकांत यूसुफ शाह चक यानें त्यास गुलमर्ग, म्हणजे फुलांचें कुरण, हें नांव दिलें, असें सांगतात. इंग्रजांनीं १९२७ सालीं येथें स्कीचा क्लब काढला. आमच्या महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. गुलमर्गचें कुरणच सुमारें २६५० मीटर उंचीवर! दोन पावलें चालतांच धाप लागली, ती वयाची नसून उंचीची आहे, अशी आम्हीं आपल्या मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशीं धडे सुरू झाले. स्कीचे बूट म्हणजे पायांत घातलेल्या बेड्याच. आमच्या तरुण शिक्षकानें पहिला पाठ दिला तो पडण्याचा. पडावयाचें तर डोंगराच्या बाजूस, कुशीवर बसल्याप्रमाणें पडावें. हात मागें टेकूं नयेत. उठण्यापूर्वीं स्की उतारास आडव्या कराव्या, नाहींतर उठतां उठतांच पुढचा प्रवास सुरू होतो. दुसरा पाठ थांबण्याचा. स्कींचीं टोंकें जवळ आणावीं, टांचा बाहेर लोटाव्या, म्हणजे आंतल्या कडा बर्फांत रुततात व वेग ओसरतो. हें सर्व आम्हांस तत्काळ समजलें. पायांना मात्र समजलें नाहीं. त्या दिवशीं आम्ही किती वेळां पडलों, याची गणती सौभाग्यवतीनें केली, परंतु घरीं सांगितली नाहीं.

ती स्वतः दोनदांच पडली. जन्मभर ओल्या मोरींतून भरल्या कळशा नेणाऱ्या पायांना तोल शिकवावा लागला नाहीं. तरीही उतार दिसला कीं आम्ही तिचा हात धरावयास धांवत होतों, आणि दोघेंही आडवीं होत होतों. अखेर शिक्षक म्हणाला, "साहेब, हात सोडा. ज्याचा तोल त्यालाच सांभाळावा लागतो." आम्हांस राग आला; कारण तो खरें बोलत होता.

फावल्या वेळीं तो स्वतःविषयीं सांगे. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस काश्मीरांत चिल्लई कलान, म्हणजे ऐन कडाक्याची थंडी, असते. त्या वर्षीं ते दिवस बहुतेक कोरडे गेले. जानेवारींत गुलमर्गचें कुरण उघडें, पिवळें पडलें होतें. प्रवासी परतले आणि त्याचे हात रिकामे राहिले. "बर्फ आमची मजा नाहीं, आमचें पीक आहे," तो म्हणाला. थंडींत सांठलेलें बर्फच उन्हाळ्यांत ओढ्यांना व शेतांना पाणी पुरवितें, हें ऐकल्यावर पायांखालच्या त्या शुभ्र थराकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

चौथ्या दिवशीं आम्ही आकाशपाळण्यांतून कोंगदोरीस गेलों. तेथील सौम्य उतारावरून सौभाग्यवती पुढें निघाली, आणि त्याच क्षणीं डोंगरावरून धुकें उतरलें. दहा हातांवरचें दिसेना. पांढऱ्यांत पांढरें मिसळलें. चढ कोणता, उतार कोणता, तेंही कळेना. "अगं!" म्हणून आम्हीं हाक मारली. "अगं, ऐकतेस का?" उत्तर नाहीं. छातींत धस्स झालें. त्या मैदानांत किती तरी जणी 'अगं' असतील! मग चौतीस वर्षांत वडिलांच्या मर्यादेनें जें कधीं मोठ्यानें उच्चारलें नव्हतें, तें तिचें नांव आम्हीं तीनदां पूर्ण गळ्यानें घेतलें.

"अहो, मी इथंच आहे," आवाज अगदीं जवळून, खालून आला. ती पाठानुसार थांबून आमचीच वाट पाहत होती. तिनें काठी पुढें केली. आम्हीं ती निमूटपणें धरली. त्या दिवशीं आधार देण्याचा हट्ट नव्हता, म्हणून कोणी पडलें नाहीं. शिक्षक मात्र बुचकळ्यांत पडला होता. चार दिवस तो आम्हांस आदरानें 'अहो साहेब' म्हणत होता. आमचें नांवच 'अहो' आहे, अशी त्याची समजूत!

घरीं परतल्यावर एकदां स्वयंपाकघराकडे तोंड करून आम्ही सहज तिला नांवानें हाक मारून गेलों. सुना थबकल्या. मातोश्रींनीं जपमाळेवरून दृष्टि वर केली व म्हणाल्या, "तुझ्या तोंडून हें नांव उखाण्यानंतर आजच ऐकलं. बरं वाटलं."