कुहीच्या कपाटातली पेनं

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कपाटाच्या कोपऱ्यात एखादं जुनं शाईचं पेन पडलं असेल, तर आधी ते बाहेर काढा. मग हे वाचा.

कुही हे नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. पूर्वी नागपूर-नागभीड छोट्या लाइनची गाडी इथे थांबायची. ब्रॉडगेजसाठी २०१९ साली ती बंद झाली. त्या गाडीने मैत्रिणीकडे जायचं, असं मी कितीदा तरी ठरवलं होतं. शेवटी गेले ती एसटीने, आणि तेही ती गेल्यावर.

माघाचे दिवस होते. हा भाग मिरचीचा. अंगणात लाल मिरच्या वाळत होत्या, दारातच मला ठसका लागला. तिच्या सुनेने पाणी दिलं नि हळूच म्हणाली, "मावशी, आईंच्या पेनांचं काय करू? हे म्हणतात, विकून टाकू."

पेनं सत्तावीस निघाली. साडी नको, दागिना नको, पण कुणाचं बिऱ्हाड हललं की ही विचारायची, "जुनं पेन आहे का हो?" पहिलं तिच्या वडिलांचं, काळ्या एबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं. मानाचं म्हणजे पार्कर ५१. हे मॉडेल १९४१ साली निघालं. त्याची निब जवळजवळ सगळी झाकलेली असते. कॅम्लिनच्या शाईच्या रिकाम्या बाटल्याही तिने टाकल्या नव्हत्या. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासूनच सुरुवात केली होती, हे ती कौतुकाने सांगायची.

"कारकुनाकडे नसतील इतकी पेनं हिला कशाला?" असं घरात सगळे हसायचे. ती वाद घालत नसे. दर रविवारी एक पेन भरायची नि त्याने एक पत्र लिहायची. म्हणायची, "लिहिलं नाही की पेन मरतं गं."

दिवाळीनंतर तिचं मला पत्र आलं, "एकदा ये, अंभोऱ्याला जाऊ." मी फोनवर "येते गं" म्हटलं. उत्तर लिहायचं राहिलं. पौषात ती गेली.

त्या दुपारी आम्ही दोघींनी पेनं धुतली. तुम्हीही धुवाल तर एवढं लक्षात ठेवा. गरम पाणी नको. एबोनाइटचा काळा रंग विटून तपकिरी पडतो. ते फार वेळ भिजतही ठेवू नका. स्पिरिट तर मुळीच नको, जुन्या प्लॅस्टिकला तडे जातात. साधं पाणी घ्या, निळं येईल तोवर बदलत राहा आणि मऊ सुती कापडावर टिपा. ठेवून द्यायचं असेल तर शाई काढूनच ठेवा.

दुसऱ्या दिवशी वेलतूरवरून अंभोऱ्याला गेलो. पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, खाली गोसीखुर्द धरणाचं पसरलेलं पाणी. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' इथेच रचला, असं विदर्भात मानतात. मराठवाड्यातली माणसं अंबेजोगाईचं नाव घेतात. याच तालुक्यात मांढळला वाकाटक राजांचे ताम्रपट सापडले. "आमचा तालुका लिहिणाऱ्यांचा आहे बाई," असं ती म्हणायची, ते मला तिथे बसल्यावर पटलं.

पायरीवर बसून वहीचा कागद काढला. तिच्याच पेनाने तिच्या पत्राचं उत्तर लिहायला घेतलं. चार ओळींपुढे लिहवेना. सून शेजारी गप्प बसून होती. मग म्हणाली, "मावशी, पेनं नाही विकत. रविवारी मी तुम्हाला लिहीन."

पार्कर तिने मला दिलं. वडिलांचं पेन घरातच राहिलं. पुढच्या आठवड्यात कुहीहून पाकीट आलं. अक्षर वाकडंतिकडं, शाई दोन जागी फुटलेली. उत्तर मी त्याच दिवशी टाकलं.

तुम्हालाही कुणाला लिहायचं राहिलं असेल. पेन धुऊन वाळेस्तोवर पत्ता शोधून ठेवा.